‘थोडक्यात वाचलो’चं रजिस्टर

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर आम्ही चौघं बोर्डीला निघालो. प्लॅन नेहमीचाच. सुरूची झाडं, समुद्र, चिकूची वाडी, दोन दिवस बॉसचा फोन उचलायचा नाही. साडेसहाला निघायचं ठरलं होतं, म्हणजे आम्ही आठला निघालो. चारोटीच्या अलीकडे हायवेवर ट्रकची ही भलीमोठी रांग! मॅपवाल्या बाईंनी लगेच गोड आवाजात आतल्या रस्त्याने वेळ वाचेल असं सुचवलं. आपण काय, वेळ वाचतोय म्हटलं की विहिरीतही गाडी घालू. घातली.

पंधरा मिनिटांनी डांबर संपलं. आणखी पाच मिनिटांनी नेटवर्क संपलं. पुढे एक पाडा लागला म्हणून रस्ता विचारायला थांबलो. ओसरीवरच्या बायका पोराला ओढून आत गेल्या. दोन मुलं आली. त्यातल्या एकाने आमच्या नंबर प्लेटचा फोटो काढला. बघता बघता दहा-बारा जण गोळा झाले. कुणी आवाज चढवला नाही, कुणी हात लावला नाही. फक्त प्रश्न. कुठून आले? कुणाकडे आले? इकडून कशाला आले? आमच्यातला जो गाडी चालवत होता, तो घाबरला की इंग्रजीत बोलायला लागतो. तो लागला.

तेवढ्यात बॅटरी घेऊन एक पन्नाशीचे गृहस्थ आले. गावचे पोलीस पाटील. त्यांनी नावं विचारली, बोर्डीला कुठे उतरणार ते विचारलं, चार शब्द लोकांशी त्यांच्या बोलीत बोलले आणि मग मला म्हणाले, ‘‘ताई, रात्रीची गाडी आत घालायची नाही. लोक घाबरतात.’’ एका पोराला बाइकवर पुढे पाठवून त्यांनी आम्हाला डांबरी रस्त्याला लावून दिलं.

गाडीत दोन मिनिटं सगळे गप्प. मग कुणीतरी म्हणालं, ‘‘थोडक्यात वाचलो, बॉस!’’ आणि आम्ही हसलो. ढाब्यावर थांबून चहा प्यायलो. किस्सा तयार झाला, सोमवारी ऑफिसात सांगायला.

दुसऱ्या दिवशी बोर्डीला आमचा एक जुना मित्र येऊन भेटला. बोईसरला एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. त्याला किस्सा रंगवून सांगितला. तो हसला नाही. त्याने एकच प्रश्न विचारला, ‘‘हे कुणी लिहून ठेवलं का?’’

‘‘काय लिहून ठेवायचं? काही झालंच नाही ना!’’

‘‘तेच तर लिहून ठेवायचं असतं.’’

हातोडा पडला, कुणाला लागला नाही

त्याच्या कंपनीत एक कार्ड असतं. ‘निअर मिस’ कार्ड. वरून हातोडा पडला आणि खाली कुणी नव्हतं, तरी कार्ड भरायचं. व्हॉल्व्ह गळत होता पण वेळेत दिसला, कार्ड भरायचं. ज्याच्या हातून चूक झाली त्याला ओरडायचं नाही, हा पहिला नियम. कारण ओरडलं की पुढच्या वेळी तो कार्ड भरत नाही आणि हातोडा कुणाच्या तरी डोक्यात पडल्यावरच कळतं. विमानवाल्यांचीही हीच पद्धत आहे. अमेरिकेत १९७६ पासून पायलट आपली ‘थोडक्यात वाचलो’ प्रकरणं गोपनीय पद्धतीने कळवतात. ती गोळा करून पुढच्यांना सावध करण्याचं काम नासा करते.

‘‘आणि यात भलेपणा वगैरे काही नाही हं,’’ मित्र म्हणाला. ‘‘पैशाचा हिशोब आहे. अपघात झाला की नुकसानभरपाई, कोर्ट, प्लँट बंद, वरून इन्शुरन्सचा प्रीमियम वाढतो. कार्ड फुकट पडतं.’’

मग तो सहज बोलून गेला, ‘‘पोलीस ठाण्यात असतं का रे असं कार्ड?’’

हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण आम्ही ज्या पट्ट्यात रस्ता चुकलो, तो डहाणू-तलासरीचा पट्टा. आणि या पट्ट्याचं नाव २०२० मध्ये देशभरात पोचलं, ते कुणीतरी असं कार्ड न भरल्यामुळेच, असं मला वाटायला लागलंय.

चूक पोलिसांची, बिल कुणाचं?

आधी जरा पैशाचं बोलू. आपल्याला तेच पटकन कळतं.

पोलिसांच्या चुकीने कुणाचं नुकसान झालं तर पैसे कोण देतं? फार पूर्वी याचं उत्तर होतं, कुणीच नाही. १९४७ साली मेरठमध्ये पोलिसांनी एका सराफी व्यापाऱ्याचं सोनं जप्त केलं आणि ठाण्यात ठेवलं. ज्याच्या ताब्यात ते होतं, तो हेड कॉन्स्टेबल सोनं घेऊन पाकिस्तानात पळाला! व्यापारी कोर्टात गेला. १९६४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पोलिसांचा निष्काळजीपणा खरा, पण जप्ती करणं हे सरकारचं सार्वभौम काम, त्यामुळे सरकार भरपाई द्यायला बांधील नाही. कस्तुरीलाल खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. थोडक्यात, सामान गहाळ झाल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही.

ही पाटी हळूहळू उतरली. १९८३ मध्ये रुदुल साह या माणसाला सुप्रीम कोर्टाने भरपाई दिली. निर्दोष सुटल्यावरही बिहारच्या तुरुंगात तो चौदा वर्षं खितपत पडला होता. १९९३ मध्ये ओडिशातल्या निलाबती बेहरा यांना दीड लाख रुपये मिळाले. त्यांचा बावीस वर्षांचा मुलगा पोलीस कोठडीतून परत आलाच नाही, रेल्वे रुळाजवळ त्याचं प्रेत मिळालं. मग डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात कोर्टाने अटकेचे अकरा नियमच घालून दिले. तुमच्या-माझ्या जगण्याच्या हक्कावर घाला आला तर ‘सार्वभौम काम’ ही सबब चालणार नाही, हे एव्हाना पक्कं झालं.

पण बिल? ते सरकारी तिजोरीतून जातं. म्हणजे तुमच्या इन्कम टॅक्समधून आणि कॉफीवरच्या जीएसटीतून. सरकारला वाटलं तर ते चूक करणाऱ्याकडून वसूल करू शकतं. पण ज्या ठाण्यात चूक झाली, त्या ठाण्याच्या रोजच्या खर्चाला त्या बिलाची झळ लागत नाही. आपल्याकडे मेडिक्लेम जास्त झाले की एचआरचा मेल येतो, प्रीमियम वाढला म्हणून. ठाण्याला तसा मेल येत नाही.

अमेरिकेत काही ठिकाणी असा मेल येतो. तिथे लहान शहरं आपल्या पोलिसांचा विमा काढतात. लॉस एंजेलिसजवळ मेवूड नावाचं एक छोटं शहर आहे. तिथल्या पोलिसांवर इतके दावे झाले की विमा देणाऱ्या संस्थेने हात वर केले. २०१० मध्ये शहराला आपलं पोलीस खातं चक्क बंद करावं लागलं आणि काम काउंटीच्या शेरीफकडे सोपवावं लागलं. आंदोलनांना जे जमलं नाही, ते प्रीमियमने केलं.

मोठ्या शहरांना मात्र बिल भरता येतं, म्हणून ती भरत राहतात. मे २०२० मध्ये मिनिआपोलिसला जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. मार्च २०२१ मध्ये शहराने त्याच्या कुटुंबाला २ कोटी ७० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. त्या पोलिसाविरुद्ध आधीच्या डझनाहून जास्त तक्रारी नोंदलेल्या होत्या. म्हणजे कार्डं भरलेली होती. वाचली कुणीच नव्हती.

दोन दिवस आधी

आता आपल्या रस्त्यावर परत येऊ.

कासा पोलीस ठाणं डहाणू तालुक्यात येतं. त्यांच्या वाट्याला काय काय आलंय बघा. मुंबई-अहमदाबाद हायवे, जिथे सप्टेंबर २०२२ मध्ये सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांची गाडी आदळली. आजूबाजूला डोंगरात विखुरलेले आदिवासी पाडे. पूर्वेला दादरा-नगर हवेलीची हद्द. शेजारच्या तलासरीला गुजरातची. पाड्यांत वारली बोलतात, आणि बदलीवर आलेल्या पोलिसाला ती येत असेलच असं नाही. २०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या परिसरात भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा लोक थंडीत घराबाहेर झोपत होते. भीती या भागाला नवी नाही.

एप्रिल २०२०. लॉकडाऊन. गावोगावी अफवा फिरत होती की चोर आलेत, पोरं पळवणारे आलेत, किडन्या काढणारे आलेत. लोकांनी रात्रीचे पहारे लावले. आणि एका संध्याकाळी सारणी गावाजवळ एका डॉक्टरची गाडी जमावाने अडवली आणि तिच्यावर दगडफेक केली. सोडवायला गेलेल्या पोलिसांवरही हल्ला झाला. पण माणसं जिवंत परतली. थोडक्यात वाचली!

हातोडा पडला होता, कुणाच्या डोक्यात नाही, इतकंच. त्या एका प्रसंगात सगळी माहिती होती. अफवा कोणती, पहारे कुठे, अनोळखी गाडी दिसली की काय होतं, पोलीस कमी आले तर जमाव त्यांनाही जुमानत नाही. फुकटात मिळालेली माहिती.

दोनच दिवसांनी, १६ एप्रिलच्या रात्री, कांदिवलीहून दोन साधू आपल्या गुरूंच्या अंत्यसंस्कारासाठी सुरतकडे निघाले होते. सोबत ड्रायव्हर. हायवेवर नाकाबंदी म्हणून आतल्या रस्त्याने गेले. आम्ही वेळ वाचवायला गेलो होतो, त्यांच्याकडे दुसरा रस्ताच नव्हता. गडचिंचले गावात वनखात्याच्या चौकीपाशी त्यांची गाडी अडली. शेकडोंचा जमाव झाला. त्या वेळच्या महिला सरपंच जमावाला थोपवू पाहत होत्या. पोलीस आले, पण जमावापुढे मूठभर. पुढचं तुम्ही व्हिडिओत पाहिलंय. पोलिसाचा हात धरून बाहेर आलेला तो म्हातारा माणूस. तिघंही मारले गेले.

मला तो व्हिडिओ परत बघवत नाही आणि तुम्हीही बघू नका. पण त्याचं बिल नीट वाचा. तीन माणसांचे जीव. पहिल्याच फटक्यात शंभरावर लोक अटकेत, म्हणजे घरटी कुणी ना कुणी तुरुंगात. काही पोलीस निलंबित, कासा ठाण्याच्या ३५ पोलिसांच्या बदल्या, जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक सक्तीच्या रजेवर. नंतरच्या खातेनिहाय कारवाईत कुणाची नोकरी गेली, कुणाचा पगार कापला गेला. तपास सीआयडीकडे, मग सुप्रीम कोर्टात याचिका, आणि अखेर राज्य सरकार सीबीआयला तयार झाल्यावर २०२३ मध्ये त्या याचिका निकाली. आणि एका अफवेने मारलेल्या माणसांवरून लगेच दुसरी अफवा उठली, धर्माची. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटकेतल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं की यात एकही मुसलमान नाही.

कारवाई झाली, हे चांगलंच. पण नीट बघितलं तर ही सगळी कारवाई हातोडा पडल्यानंतरची आहे. ज्या माणसाने सारणीच्या रात्री बसून ‘पुन्हा होऊ शकतं’ असं पानभर लिहून वरच्यांना पाठवलं असतं, त्याला आपल्या व्यवस्थेत काय मिळालं असतं? शाबासकी? की ‘तुमच्या हद्दीत झालंच कसं?’ म्हणून मेमो? आपण सगळे ऑफिसात काम करतो. उत्तर आपल्याला माहीत आहे.

नियम होते की!

बरं, हे कुणाला सुचलंच नव्हतं असंही नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडे बाजाराच्या दिवशी, पोरं पळवणारे समजून पाच जणांना मारून टाकलं होतं. ते भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते. सरकारने प्रत्येकाच्या कुटुंबाला पाच लाख रुपये जाहीर केले.

त्याच महिन्यात, १७ जुलैला, सुप्रीम कोर्टाने तेहसीन पूनावाला खटल्यात झुंडबळींबद्दल सविस्तर आदेश दिले. प्रत्येक जिल्ह्यात एसपीच्या दर्जाचा नोडल अधिकारी नेमा. गेल्या पाच वर्षांत असे प्रकार जिथे झाले, ती गावं आणि तालुके शोधून ठेवा. तिथे गस्त वाढवा. अफवांचे मेसेज रोखा. पीडितांना भरपाई देण्याची योजना करा आणि त्यातली अंतरिम मदत तीस दिवसांत द्या. अधिकाऱ्याने हे केलं नाही तर तो कर्तव्यातला कसूर समजला जाईल.

एखाद्या एमबीएवाल्याला हे दाखवा, तो म्हणेल की हा तर सरळसरळ रिस्क मॅप आहे. धोक्याच्या जागा, जबाबदार माणूस, डेडलाइन, खर्चाची तरतूद. सगळं आहे. फक्त एक गोष्ट सुटली. कोर्टाने ‘जिथे घडलं’ ती गावं शोधायला सांगितली. ‘जिथे घडता घडता राहिलं’ ती नाही. अशा यादीत राईनपाडा येतं. सारणी येण्याची वेळ यायच्या आधीच गडचिंचले घडून गेलं.

मोबाइल कंपन्या आणि ॲपवाल्यांनीही आपापलं केलं. व्हॉट्सअपने २०१८ मध्ये भारतात फॉरवर्ड पाच जणांपुरतं मर्यादित केलं. ७ एप्रिल २०२० ला तर खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं. गडचिंचलेच्या नऊ दिवस आधी! पण पहाऱ्यावर बसलेल्या माणसाला शेजारच्या पाड्यावरून ओरडून आलेला निरोप कुठलं ॲप थांबवणार?

१९४५ चा निरोप

निरोपावरून आठवलं. ही कथा या मातीत फार जुनी आहे.

१९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावातल्या सभेपासून वारल्यांचं वेठबिगारीविरुद्धचं आंदोलन पेटलं. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्याचे नेते. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे गोदावरीबाईंचं पुस्तक त्याच काळावर आहे. त्या ऑक्टोबरात सावकार-जमीनदारांच्या माणसांनी गोदावरीबाईंच्या नावाने खोटा निरोप फिरवून हजारो वारल्यांना तलवाड्याला जमवलं, आणि दुसरीकडे पोलिसांना कळवलं की जमाव चालून येतोय. असं आंदोलनातले लोक सांगत आले आहेत. १० ऑक्टोबरला पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले. आजही दर १० ऑक्टोबरला या भागात हुतात्मा दिन पाळतात.

म्हणजे पंचाहत्तर वर्षांच्या अंतराने दोन रात्री. दोन्हीकडे खोटा निरोप, घाबरलेले लोक, आणि नेमकं काय चाललंय हे न कळलेले पोलीस. १९४५ ला पोलिसांच्या हातात जास्तच बळ होतं, २०२० ला फारच कमी. पण कमी होती ती एकच गोष्ट, माहिती. आणि माहिती ही या व्यवसायात सगळ्यात स्वस्त वस्तू आहे. ती पाड्यावर बॅटरी घेऊन फिरत असते.

मग करायचं काय?

महाराष्ट्रात १९६७ चा ग्राम पोलीस अधिनियम आहे. त्याखाली गावोगावी पोलीस पाटील नेमतात. गावात काय शिजतंय ते ठाण्याला कळवणं, हे त्यांचं कामच आहे. म्हणजे नवी भरती नको, नवं सॉफ्टवेअर नको, कन्सल्टंट नको. बोईसरवाल्या मित्राच्या कार्डावरूनच मी एक साधी यादी करून बघितली.

एक, ‘थोडक्यात वाचलो’चं रजिस्टर. अनोळखी गाडी अडवली गेली, वादावादी झाली, सुटली. ठाण्यात आरोपीला अचानक बरं वाटेनासं झालं, वेळेत दवाखान्यात नेलं. नाकाबंदीत हातघाई झाली, मिटली. गुन्हा नाही, तरी एक ओळ लिहायची. लिहिणाऱ्याला मेमो नाही.

दोन, आठवड्यातून एकदा ते रजिस्टर कुणीतरी वरच्याने वाचायचं. त्याच गावाचं नाव दुसऱ्यांदा दिसलं की त्याने स्वतः तिथे जाऊन यायचं.

तीन, अफवेचं उत्तर अफवेच्याच भाषेत. मराठीतलं प्रसिद्धिपत्रक पाड्यात कुणी वाचत नाही. पोलीस पाटील, सरपंच, आशाताई यांनी वारलीत सांगितलं तर पोचतं. आम्हाला त्या रात्री कुणी सोडवलं? चार वाक्यांनी. त्यांच्या बोलीतल्या.

चार, जमावात किती माणसं घेऊन जायचं, कुमक येईपर्यंत अडकलेल्या माणसाला कुठे ठेवायचं, याची तालीम आधी करायची. आपल्या ऑफिसात फायर ड्रिल असतं, त्यात आपण सेल्फी काढतो ते सोडा, पण जिना कुठे आहे ते कळतं. तीनशे माणसांसमोर उभ्या राहिलेल्या चार पोलिसांना ‘जिना’ कुठे ते कुणी सांगितलेलं असतं का?

पाच, कॅमेरे. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासकट टिपणारे सीसीटीव्ही हवेत आणि रेकॉर्डिंग अठरा महिने जपलं पाहिजे. कॅमेरा प्रामाणिक पोलिसालाही वाचवतो, हे विसरू नका. खोट्या आरोपात त्याचा एकमेव साक्षीदार तोच.

आणि सहा, बिल दाखवा. एखाद्या जिल्ह्याच्या पोलिसांच्या चुकीपायी वर्षभरात किती भरपाई दिली, कुठल्या कारणासाठी, एवढं एक पान दरवर्षी लोकांसमोर ठेवा. ठाण्यांचा विमा काढा असं मी म्हणत नाही. मेवूडसारखं पोलीस खातंच बंद पडलं तर तलासरीच्या बाईने रात्री कुणाला फोन करायचा? पण आकडा दिसायला लागला की प्रश्न विचारले जातात, आणि प्रश्न विचारले जातील हे माहीत असलं की रजिस्टर लिहिलं जातं.

हे आत्ताच का?

कारण या पट्ट्यात आता अनोळखी गाड्या वाढणार आहेत. डहाणू तालुक्यातल्या वाढवणला ७६ हजार कोटींचं बंदर मंजूर झालंय. ऑगस्ट २०२४ मध्ये भूमिपूजनही झालं. मच्छीमारांचा विरोध आहे, मोर्चे आहेत, म्हणजे जमाव आणि पोलीस समोरासमोर आहेत. बुलेट ट्रेनचा मार्ग याच जिल्ह्यातून जातो. सर्व्हेवाले, कंत्राटदार, सुपरवायझर, जमिनीचे दलाल, आणि आपल्यासारखे वीकेण्डवाले. प्रत्येक गाडीत कुणीतरी मॅपवाल्या बाईंचं ऐकून आत वळणार आहे.

पोलिसांना शिव्या घालणं सोपं आहे. मीही घातल्यात, ट्रॅफिकमध्ये तर रोज. पण कासा किंवा तलासरीच्या ठाण्यात बसलेल्या माणसाकडे एका बाजूला हायवेचा अपघात, दुसऱ्या बाजूला मोर्चा, तिसऱ्या बाजूला डोंगरातल्या पाड्यातून आलेला फोन असतो. त्याला आपण फक्त दोनच गोष्टी देतो. काही झालं नाही तर दुर्लक्ष, आणि काही झालं तर निलंबन. मधली जागा रिकामी आहे. ती जागा म्हणजे ते रजिस्टर.

परवा मी त्या पोलीस पाटलांना फोन केला. नंबर त्या रात्रीच घेतला होता, आभार मानायचे राहिले होते. म्हटलं, ‘‘काका, त्या रात्रीचं तुम्ही ठाण्यात कळवलं होतं का?’’

ते म्हणाले, ‘‘ताई, काय कळवायचं? काही झालंच नाही ना.’’

माझंच वाक्य, माझ्याच तोंडावर! मग मी त्यांना हातोड्याची गोष्ट सांगितली. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘तुमच्या गाडीचा नंबर काय होता? आणि तारीख सांगा. माझ्या वहीत तरी लिहून ठेवतो.’’

एक ओळ लिहिली गेली. सुरुवात म्हणून वाईट नाही. तुम्हीही पुढच्या ट्रिपला रात्रीची गाडी आत घालू नका. घातलीत आणि थोडक्यात वाचलात, तर किस्सा ऑफिसात जरूर सांगा. पण त्याआधी जवळच्या ठाण्यात एक फोन करा, आणि काय घडता घडता राहिलं ते त्यांना सांगा.